शेवाळाच्या डब्याला जामीन कोण?

डबा मामीने पदराखालून काढला. झाकण उघडलं आणि मला थेट आमच्या प्रयोगशाळेचा वास आला. तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवतोय. पावसाळा सरला की पोरांना घेऊन बारवेवर नाहीतर पाझर तलावावर जायचं, बरणीत हिरवट पाणी भरून आणायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, हा दरवर्षीचा ठरलेला कार्यक्रम. ती बरणी दोन दिवस तशीच राहिली की जो वास सुटतो, तोच या डब्याला होता. आत गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या गोळ्या. एक ओल्या बोटांत चोळली. बोटं हिरवी झाली आणि कडेला निळसर झाक उतरली. हा निळा रंग फायकोसायनिन या रंगद्रव्याचा. म्हणजे माल स्पिरुलिना, एक नील-हरित शेवाळ.

"तू हेच शिकवतूस नं पोरायला?" मामी म्हणाली. "मंग सांग, खरंय का ह्ये?"

मामाला तोंडाचा कॅन्सर. चाळीस वर्षं गालात धरलेल्या तंबाखूने दिलेला, त्यात कोडं काही नाही. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झालं, पुढचा शेकही, म्हणजे रेडिएशन, योजनेतूनच चालू होता. डब्याचे पैसे मात्र रोख, आणि ते सोयाबीनच्या पट्टीतून गेले. तीन महिन्यांचा 'कोर्स'. विकणारा कुणी परका नव्हे, मामीच्या माहेरकडचाच; मंगल कार्यालयात बैठका भरवणाऱ्या साखळी-विक्रीतला. डब्याबरोबर तो झेरॉक्स कागदांची चळत द्यायचा. सगळ्यात वरच्या कागदावर ठळक अक्षरांत होतं : 'समुद्री शैवालातील फ्युकॉयडन कर्करोगाच्या पेशींना आत्महत्या करण्यास भाग पाडते.' डब्याच्या मागे मात्र मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेलं, की हे औषध म्हणून वापरायचं नाही. मामीला इंग्रजी येत नाही. मामाचा चष्मा फुटलेला.

मला आधी हसू आलं, कारण कागद एका शैवालाचा होता आणि गोळी दुसऱ्याची. फ्युकॉयडन ही गंधकयुक्त चिकट शर्करा आहे, ती थंड समुद्रांत वाढणाऱ्या केल्पसारख्या तपकिरी शैवालांत सापडते. स्पिरुलिना समुद्रातली नव्हे आणि तपकिरीही नव्हे. ती नील-हरित, खारट-सोड्याच्या पाण्यात वाढणारी. आमच्या शिवेपलीकडे लोणारच्या तळ्यातही ती आहे. स्पिरुलिनात फ्युकॉयडन असणं म्हणजे हरभऱ्याच्या घाट्यात तूर निघणं. पण हे मामीला सांगून काय उपयोग होता? खरं फ्युकॉयडन डब्यात असतं, तर डबा खरा ठरला असता का? माझं म्हणणं या प्रश्नापासून सुरू होतं.

तो कागद खोटा नाही. अडचण आहे ती इथेच. स्वीडनच्या हाराल्ड क्युलिन यांनी १९१३ साली हा पदार्थ शैवालातून वेगळा केला. गेल्या काही दशकांत जपान, कोरिया, चीन आणि आपल्याकडच्याही प्रयोगशाळांनी तो कर्करोगाच्या पेशींवर टाकून पाहिला, आणि पेशी मेल्या. नुसत्या मेल्या नाहीत, तर 'अपॉप्टोसिस' नावाच्या शिस्तशीर पद्धतीने स्वतःला गुंडाळून मेल्या. काही प्रयोगांत गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्यांची वाढ मंदावली. तपकिरी शैवालातलं फ्युकोझॅन्थिन नावाचं रंगद्रव्य, स्पिरुलिनातलं ते निळं फायकोसायनिन, यांच्यावरही असे निबंध ढिगाने आहेत. एकही वाक्य खोटं न लिहिता माणसाला फसवता येतं, ते असं.

कारण या पेशी काचेतल्या किंवा प्लास्टिकच्या बशीतल्या. त्यांना यकृत नाही, मूत्रपिंड नाही, आतडं नाही. बशीत पदार्थ थेट पेशीच्या अंगावर ओतता येतो. माणसाने गोळी गिळली की ती आधी जठरात जाते, मग आतड्यात, आणि फ्युकॉयडनसारखा अवजड रेणू रक्तात उतरतो तो अगदी थोडा. शिवाय बशीत पेशी मारणं ही काही मोठी करामत नाही. मिठाचं दाट पाणी घातलं तरी त्या मरतात. सोबतच्या निरोगी पेशींना सोडून फक्त वाईट पेशी मारणं, तेही जिवंत माणसाच्या आत, त्याला ते झेपेल एवढ्या मात्रेत, हे खरं काम. कर्करोगाची जी औषधं माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोचतात, त्यांतलीही शंभरांत जेमतेम पाच पुढे परवाना मिळवतात. बशीतच राहिलेल्यांची मोजदाद तर कुणी ठेवतही नाही.

शैवालातून औषध निघालंच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. निघालं आहे. त्याची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो, आणि डब्याच्या विरोधात तिच्याइतका पक्का साक्षीदार माझ्याकडे दुसरा नाही.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांच्या गटाने १९७२ मध्ये हिंदी महासागरात, मॉरिशसजवळ, 'समुद्रससा' नावाची एक लिबलिबीत गोगलगाय गोळा केली. तिच्या अर्काने पेशी मरत होत्या. पण नेमका कोणता रेणू हे काम करतो, ते ठरायला १९८७ उजाडलं; पंधरा वर्षं, आणि ढिगाने गोगलगायींतून हाती आले ते मोजून काही मिलिग्रॅम. त्याचं नाव डोलास्टॅटिन-१०. गंमत पुढे आहे. हा रेणू गोगलगाय बनवतच नव्हती, ती फक्त तो खात होती. २००१ मध्ये पलाऊ बेटांजवळच्या एका नील-हरित शैवालात तो थेट सापडला. म्हणजे खरा कर्ता शैवाल, आमच्या बारवेतल्या शेवाळाचा दूरचा भाऊबंद.

मग ते माणसांना दिलं. आणि ते नापास झालं. सोसवेल एवढ्या मात्रेत गाठ हटेना, आणि त्यापुढे जाऊ द्यायला शरीर तयार नाही. एखादा विक्रेता असता तर इथेच डब्यावर 'शुद्ध नैसर्गिक' छापून मोकळा झाला असता. संशोधकांनी त्या रेणूची थोडी बदललेली, प्रयोगशाळेतच बनवलेली आवृत्ती घेतली. ती इतकी जहाल की नुसती टोचता येत नाही. ती त्यांनी एका प्रतिपिंडाला, म्हणजे अँटिबॉडीला, बांधली. हे प्रतिपिंड शरीरात फिरून ठरावीक खूण असलेल्या कर्कपेशीलाच चिकटतं, आणि तिच्या आत गेल्यावरच विषाची गाठ सुटते. ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन या नावाने ते औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते हॉजकिन लिम्फोमा आणि तशाच आणखी एका लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी. सगळ्या कॅन्सरसाठी नव्हे, तोंडाच्या तर मुळीच नव्हे. १९७२ ते २०११, एकोणचाळीस वर्षं झाली. त्याच वाटेवर नॉस्टॉक या शैवालातून निघालेलं क्रिप्टोफायसिनही होतं. मज्जातंतूंना इजा व्हायला लागली म्हणून ते चाचणीतच सोडून द्यावं लागलं. नॉस्टॉक आमच्याकडे पहिल्या पावसानंतर वावराच्या बांधावर जेलीच्या गोळ्यांसारखा दिसतो. पोरं त्याला हात लावायला किळस करतात.

समुद्र लांब वाटत असेल तर अंगणात बघा. सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टीन निघालं. मधुमेहाचं औषध शोधताना संशोधकांच्या लक्षात आलं की हिच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, आणि त्यातून लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं औषध उभं राहिलं. ते १९६३ पासून वापरात आहे. पण म्हणून रक्ताच्या कर्करोगाच्या लेकराला कुणी शहाणा माणूस सदाफुलीचा पाला वाटून पाजत नाही. मग शेवाळाच्याच बाबतीत आपण इतके भाबडे का होतो? मला वाटतं, समुद्र आपण पाहिलेला नाही म्हणून. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याला समुद्राचा एक कोपराही नाही. सदाफुलीला आपण रोज पाणी घालतो, तिच्याबद्दल चमत्कार सांगणाऱ्याला आपण हसू. समुद्राच्या तळाशी काय आहे ते सांगणाऱ्याला हसायला आपल्याजवळ काहीच नाही.

पण पुरावा काय असतो, हे मात्र आपण पाहिलेलं आहे. जगाला दाखवून दिलेलं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

१९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची एक चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले, आणि कोणत्या गटाला काय मिळणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काहींना एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी, काहींना पॅप तपासणी (पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची), काहींना व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघण्याची, आणि एका गटाला नेहमीसारखं, म्हणजे तपासणी नाहीच. आठ वर्षं पाठपुरावा केला. २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही गटातल्या ३४ हजारांवर बायकांत या कर्करोगाने मृत्यू ३४. तपासणी न झालेल्या ३१ हजारांवर बायकांत ६४. बाकी दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणावी तशी घट दिसली नाही, जरी दोन्ही कागदावर चांगल्याच होत्या. या निकालाने जगभरच्या तपासणी-धोरणाची दिशा बदलायला मदत केली.

त्या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवलं, यावर पुढे कडक टीका झाली, आणि ती टीका मला रास्त वाटते. त्या ६४ बायका आमच्याच होत्या. पण म्हणूनच तर माझा राग दुप्पट होतो. एका विधानामागे, 'या तपासणीने जीव वाचतो' एवढ्या चार शब्दांमागे, या जिल्ह्याने लाखावर बायका, आठ वर्षं आणि मोजलेले मृत्यू उभे केले. त्याच मातीत मंगल कार्यालयात उभा राहून कुणी 'या गोळीने जीव वाचतो' म्हणतो, आणि त्याच्या पाठीशी बशीतल्या पेशींचा एक झेरॉक्स. बँक मोठं कर्ज देताना जामीन मागते. या वाक्याला जामीन कोण?

"शेवाळाने तोटा तरी काय होणार, सर? अन्नच आहे," असं मला एका सहकाऱ्याने विचारलं. स्पिरुलिना अन्न म्हणून चांगली आहे, हे मी मान्य करतो. वाळवलेल्या स्पिरुलिनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्या वड्या वाळवून खात आले आहेत. आमच्याकडे शेततळ्यासारख्या टाक्या बांधून ती वाढवणारे काही तरुण आहेत, आणि त्यांच्या धंद्यावर माझी नजर वाकडी नाही. ईमू पाळायला लावणाऱ्या योजनांत शेतकरी कसे बुडाले ते आठवून त्यांनी करारनामा नीट वाचावा, एवढंच म्हणेन. पण कॅन्सरच्या रोग्याचं गणित वेगळं. फ्युकॉयडन रक्त पातळ करू शकतं. केमोने प्लेटलेट आधीच घसरलेल्या माणसाला किंवा ऑपरेशनच्या तोंडावर हे धोक्याचं. तपकिरी शैवालात आयोडीन इतकं असू शकतं की थायरॉइड बिघडावा. समुद्री शैवाल पाण्यातलं आर्सेनिक ओढून घेतं, आणि नील-हरित शैवाल उघड्या पाण्यातून काढलं तर यकृताला घातक अशी विषं सोबत येऊ शकतात. हे सगळं डॉक्टरला सांगितलं तर संभाळता येतं. पण रोगी सांगत नाही, कारण डॉक्टर ओरडतो. डॉक्टर मंडळींनी हे मनावर घ्यावं. 'बाकी काय काय घेताय?' हा प्रश्न आवाज न चढवता विचारला, तर पिशवीतून बरंच काही बाहेर येतं.

आमच्या घरी नुकसान वेगळ्याच वाटेने आलं. विकणाऱ्याने सांगितलं, गोळीचा गुण यायचा तर आठ दिवस शेक बंद ठेवा, शरीर शुद्ध होऊ द्या. मामाने ठेवला. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरमध्ये शेकाचे दिवस मध्येच तुटले तर गाठीला पुन्हा डोकं वर काढायची संधी मिळते; म्हणूनच डॉक्टर सुट्टीच्या दिवसाचंही गणित करतात. आठ दिवसांनी मामा परत गेला तेव्हा तिथल्या माणसाने तारखांचा तक्ता बघून फक्त डोक्याला हात लावला. मामीने मला डबा दाखवला तो त्या संध्याकाळी.

कायदा नाही का? आहे, आणि चांगला जुना आहे. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने ज्या रोगांवर उपचाराचा दावा करून जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत कर्करोग आहे. जाहिरात म्हणजे फक्त छापील नव्हे. तोंडी केलेली घोषणाही त्यात धरली आहे, एवढंच काय, प्रकाशाने, आवाजाने किंवा धुराने केलेलीही. त्या काळच्या बाबूंनी धुरापर्यंत विचार केला होता! २०१६ च्या अन्नसुरक्षा नियमांनी अशा पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' छापणं बंधनकारक केलं. तेच ते मुंगीएवढं अक्षर.

कमतरता कायद्याच्या शब्दांत नाही. बैठकीला कुणी अधिकारी बसत नाही आणि तक्रार कुणी करत नाही. करणार कशी? विकणारा मामीच्या चुलतभावाचा जावई. त्याच्याविरुद्ध अर्ज दिला तर पुढच्या लग्नात कोण कुणाच्या पंगतीला बसणार? साखळी-विक्रीने नात्यागोत्याचं हे जाळं बरोबर ओळखलं आहे. जिथे भावकी आहे तिथे पावती मागत नाहीत. म्हणून रोग्याच्या तक्रारीवर विसंबणारी व्यवस्था इथे कामाची नाही. खेड्यातल्या विक्रेत्याने तोंडाने जे सांगितलं त्याची जबाबदारी माल बनवणाऱ्या कंपनीवर टाकली पाहिजे. 'तो आमचा नोकर नाही, स्वतंत्र वितरक आहे' ही पळवाट बंद झाली पाहिजे. त्याच्या विक्रीवर टक्केवारी घेताना तो तुमचा असतो, बोलताना परका कसा? आणि ती इंग्रजी ओळ डब्याच्या पुढच्या बाजूला, मराठीत, किमतीएवढ्या मोठ्या अक्षरांत आली पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाकडे माणसं कमी आहेत हे मला कळतं. पण मंगल कार्यालयाच्या दारावरचा फलक वाचायला फार माणसं लागत नाहीत.

यावर मला ठाऊक असलेला सगळ्यात अवघड आक्षेप वेगळा आहे. तो असा : खरं औषध एवढं महाग, की ब्रेंटुक्सिमॅबसारखं नाव सामान्य माणसाने फक्त ऐकावं; मग गरिबाची स्वस्तातली आशा तरी का हिरावता? याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. औषधांच्या किमती हा खरा अन्याय आहे. पण डबा स्वस्त नव्हता. योजनेतून फुकट मिळालेल्या शेकापेक्षा तो महाग पडला, आणि वरून त्या शेकाचे आठ दिवस खाऊन गेला.

आता जे सांगायचं टाळत होतो ते. झेरॉक्सच्या त्या चळतीत तळाशी वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात झालेल्या परिसंवादाची बातमी, मथळा : 'शैवालातून कर्करोगावर मात शक्य'. व्यासपीठावरच्या फोटोत डावीकडून तिसरा मी आहे. सूत्रसंचालन माझं होतं. वक्त्यांनी बशीतल्या पेशींबद्दलच सांगितलं होतं, पण पत्रकारांना द्यायचा मजकूर मी लिहिला, आणि त्यात 'पेशींवरील प्रयोगात' हे दोन शब्द मी गाळले. जागा कमी होती आणि नुसतं 'कर्करोगावर' चांगलं दिसत होतं. मूल्यांकनाच्या फायलीला अशी कात्रणं लागतात, हे प्राध्यापकांना वेगळं सांगायला नको. आमच्या विद्यापीठांतून, महाविद्यालयांतून दरवर्षी असे किती मथळे निघतात, ते कुठल्या चळतीत जाऊन बसतात, हे आम्ही कधी पाहिलं नाही. 'हे काम काचेतल्या पेशींवर झालं, माणसांवर नाही' ही ओळ प्रत्येक बातमीत घालायला एक शाई-ओळ लागते. ती न घालणाऱ्या संस्थेला कुणी जाब विचारावा, असं मी आता जाहीरपणे म्हणतो; पहिला जाब माझा.

मामीला फोटो आधीच दिसला होता. "तुझा फोटू होता म्हणून घेतलं नं आम्ही," ती म्हणाली. रागाने नाही, सहज.

मामाचा शेक नंतर पूर्ण झाला. वजन बरंच उतरलंय, खिचडी पातळ करून खातो, दर महिन्याला दाखवायला जातो. तंबाखूची डबी मामीने उकिरड्यावर फेकली. हिरव्या गोळ्यांचा अर्धा डबा अजून फडताळात होता. परवा गेलो तेव्हा मामीने तो पुन्हा समोर ठेवला.

"टाकून देऊ वाटंना, एवढे पैसे घातले. म्हशीला घातलं तर चालंल का रे?"

म्हशीला चालेल, म्हणालो.